परड्यातला पहारा

उंब्रज
बुधवार, १ मार्च १९७८

खतवाल्याने फुकट दिलेली डायरी दोन महिने कोनाड्यात पडून होती. आज उघडली. पलटणीत गार्डरूमच्या वहीत रोज लिहायची सवय. पेन्शनीत आल्यापासून हात नुसता शिवशिवतो, पण लिहिण्यासारखं घडायला तर पाहिजे!

आजचा अहवाल. पहाटे उठलो. अंगण झाडायला घेतलं तर बनुबाई, म्हणजे आमचं कुटुंब, म्हणाली, "आवं, ऱ्हाऊ द्या. तुमी झाडलेलं मला पुन्ना झाडाय लागतंय." पाणी आणायला निघालो तर हातातली घागर काढून घेतली. म्हशीपुढे वैरण टाकायला गेलो, तर म्हैस मला बघून अशी बिचकली की सकाळचं निम्मं दूध तिने चोरलं. शेवटी बनुबाईने कमरेला हात लावले. "तुमी आपलं परड्यात जाऊन बसा बरं. हितं सारखं पायात पायात येताय."

रजेवर यायचो तेव्हा जावयासारखी बडदास्त असायची. आता कायमचा आलोय तर मला ठेवायचं कुठं हेच कुणाला कळेना. मलाही कळेना. खरं ते लिहितो: या घराचं माझ्यावाचून काही अडत नाही आणि ते मला लय लागतं.

दुपारी भाऊसो येऊन गेला. एकाच कंपनीत होतो आम्ही. आता तो पुण्याला एका कारखान्याच्या गेटवर असतो. म्हणाला, "नाथाजी, गेटवर तुझ्यासाठी जागा हाय. खोली मिळती, खाकी मिळती, येणारा-जाणारा सलाम ठोकतोय. पाडव्याला मी गावाकडं येतोय, तवा काय ते सांग." बनुबाई चहा घेऊन आली होती. तिला विचारलं, काय करू? "तुमास्नी बरं वाटंल तसं करा," म्हणाली आणि फडक्यानं कपबशी पुसत आत गेली. म्हणजे जा, असंच की.

शुक्रवार, ३ मार्च

हुकमाप्रमाणे घरामागच्या परड्यात खाट टाकली. बसून बसून कंटाळा आला म्हणून पोस्टची पाहणी केली. शेवगा शेंगांनी लगडलाय. कडुलिंबाची पानं गळून तांबूस पालवी आलीय. न्हाणीच्या पाण्यावर जास्वंद आणि केळ माजलीत. कुंपणाला लागून बाभळीच्या वाळक्या फाट्यांचा मोठा ढीग आहे. पलीकडे बनुबाईच्या कोंबड्यांचं खुराडं.

आजवर मला वाटायचं परडं म्हणजे भांडी घासायची जागा. इथं तर अख्खी छावणी आहे! कुंपणावरचा सरडा डोक्यापासून खांद्यापर्यंत लालभडक झालाय आणि कुणी बघो न बघो, जोर मारत बसतो. आमच्या पी.टी. उस्तादाची आठवण झाली. सातभाई घोळक्याने येतात, पालापाचोळा उपसतात आणि आपसात भांडून निघून जातात. ग्रामपंचायतीची सभा याहून वेगळी नसते. जास्वंदीवर अंगठ्याएवढं निळं पाखरू उलटं लटकून मध पितं. कोकिळ पहाटेपासून बोंबलतोय, घरटं बांधायचं मात्र नाव नाही.

न्याहारीला भाकरी, ठेचा आणि अंड्याची पोळी. पलटणीत सकाळी अंडं मिळायचं हे मी मागे कधीतरी सहज बोललो होतो. तिथल्या अंड्याला रबराची चव होती. ही झकास होती.

सोमवार, ६ मार्च

चोरी!

चांदसाहेब भेटला. एसटी स्टँडसमोर त्याचं चहा-आमलेटचं हॉटेल आहे आणि कित्येक वर्षं तो अंडी आमच्याकडूनच नेतो. म्हणाला, "हवालदार, वहिनींच्या कोंबड्या रुसल्या काय? टोपली निम्मी येतीया. गिऱ्हाइकाला काय मी नुसता कांदा तळून घालू?"

घरी येऊन बनुबाईला विचारलं. ती चुलीपुढे होती. "उनाळा हाय, कमी घालत्यात," असं तव्याकडे बघूनच म्हणाली. मी खुराड्याची तपासणी केली. कोंबड्या धडधाकट, तुरे लाल, कलकलाट भरपूर. अशा कोंबड्या अंडी कमी घालतील? शक्यच नाही. कुणीतरी पळवतंय.

घरात चोरी होतेय आणि घरच्या बाईला पत्ता नाही. बघा म्हणावं आता, हवालदार लागतोय का नाही!

गुरुवार, ९ मार्च

आरोपी सापडला. मुंगूस!

ऊन चढल्यावर खुराड्यामागून निघालं. करड्या रंगाचं, शेपूट झुपकेदार, डोळे लाल. थांबलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच त्याच्या परड्यात घुसलोय. मग जमिनीला पोट घासत फाट्यांच्या ढिगात शिरलं. अड्डा तिथेच आहे.

बनुबाईला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "त्या गरिबावर आळ घालू नगा! दोन साल झाली ते हितं हाय. त्येच्यामुळं परड्यात साप न्हाई का किरडू न्हाई. सकाळच्या पारी मुंगूस दिसलं तर लोक शकुन मानत्यात."

"मग अंडी कोण खातंय?"

यावर तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या रिकाम्या ताटाकडे बघितलं आणि ताट उचलून नेलं. म्हणजे तिलाही माहीत नाही.

शनिवार, ११ मार्च

सापळा लावला. टोपली काठीवर तिरकी उभी केली, खाली अंडं ठेवलं, काठीची दोरी खाटेवर पडून पायाच्या अंगठ्याला बांधली. मुंगूस आलं की पाय ओढायचा, टोपली पडली पाहिजे.

निकाल: जरा डोळा लागला. झोपेत पाय झटकला गेला. टोपलीखाली कोंबडा सापडला. सोडवायला गेलो तर त्याने हाताला चोचा मारल्या. अंडं फुटलं. मुंगूस ढिगावर बसून सगळं बघत होतं. बनुबाई न्हाणीच्या दारात तोंडात पदर कोंबून उभी होती. तिचे खांदे हलत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला अशी हसताना मी फारशी बघितलेली नाही. मला राग आला. फार नाही आला.

सोमवार, १३ मार्च

आज डोकं चालवलं. तरुण मंडळाचा जोतीराम होळीचं जळण मागत दारी आला. मी म्हणालो, "परड्यातला बाभळीचा ढीग हाय की. अख्खा न्या."

पोरगं खूश झालं. ढिगाच्या मोठ्या बुंध्याला त्याने लाल चिंधी बांधली. आमच्या गावची रीत आहे ही. चिंधी बांधली की ते लाकूड होळीचं झालं. मग ते माघारी घ्यायचं नाही. घेतलं तर वर्षभर मंडळ येता-जाता दारात त्या घरधन्याच्या नावानं बोंब मारतं. पण मी कशाला माघारी घेतोय? ढीग गेला की अड्डा गेला, अड्डा गेला की चोर गेला. एका गोळीत काम फत्ते.

बनुबाईला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती पीठ मळत होती. हात थांबले. "माझ्या पावसाळ्याचं जळाण हाय त्ये. म्या डोक्यावरनं आणलंय. इचारलं असतं तर काय तोंड दुखलं असतं व्हय?"

त्यानंतर शब्द नाही.

मंगळवार, १४ मार्च

अजून शब्द नाही. भाकरी समोर येते, पाणी समोर येतं, माणूस येत नाही.

आज न्याहारीला अंडं नव्हतं. मुंगसाला सुगावा लागलेला दिसतो, सगळीच नेली असणार. पण संध्याकाळी चांदसाहेब भेटला, तो हसत म्हणाला, "आज टोपली भरून आली, हवालदार! पैल्यासारखी!" आता हे कसं काय? चोराने माझ्या वाटची तेवढी नेली आणि चांदसाहेबाची ठेवली? बरंच धूर्त जनावर दिसतंय.

बाहेरच्या खोलीतली माझी लाकडी पेटी पुढे ओढली. पलटणीच्या सुताराने खोक्यांच्या जाड फळ्यांतून करून दिलेली. वर पांढऱ्या रंगात माझा नंबर, पलटणीचं नाव आणि खाली मोठ्या अक्षरात नाथाजी. जिथं बदली झाली तिथं ही बरोबर आली. धूळ पुसली. माझे कपडे अजून तिच्यातच असतात, ते प्रवासासाठी नीट रचून बघितले. पुण्याला जावं हेच बरं. तिथं निदान गेट तरी माझ्या ताब्यात असेल.

शुक्रवार, १७ मार्च

आज जे बघितलं ते नीट लिहितो.

दुपारचं रणरणतं ऊन. कावळेसुद्धा गप्प. मी केळीच्या आडोशाला बसलो होतो, चोराला मुद्देमालासकट धरायला. मुंगूस कुंपणाखालून आलं. तोंडात काहीतरी होतं. म्हटलं, सापडलास! पण अंडं नव्हतं ते, उंदीर होता. ढिगाशी येऊन त्याने बारीक आवाज काढला आणि फाट्यांच्या फटीतून एक नाक बाहेर आलं, मग दुसरं, मग आणखी एक. पिलं! बोटभर लांबीची, डोळे उघडून थोडेच दिवस झालेली. एक धडपडत बाहेर आलं तर आईने मानेला धरून आत नेऊन टाकलं.

म्हणजे ते मुंगूस नाही, ती मुंगसीण आहे. बाळंतीण आहे आणि मी तिचं घर होळीला दिलंय.

आमची लेक जन्मली तेव्हा मी बर्फात होतो. तार आली आणि आम्ही रम प्यालो. लेक रांगायला लागल्यावर रजा मिळाली. ती माझ्याकडे बघून रडली आणि आईच्या पदरात शिरली. आता ती वडूजला नांदते.

बनुबाई कधी मागे येऊन उभी राहिली कळलंच नाही. मग ती बोलली. सोमवारनंतरचे पहिले शब्द.

"हिचा नवरा कुटं दिसंना."

"व्हय."

"पलटणीत आसंल."

मला हसू आलं. वळून बघितलं तर ती गेली होती. खाटेवर चहाचा पेला ठेवलेला होता.

सोमवार, २० मार्च

जोतीरामाकडे गेलो. म्हणालो, "गड्या, ढीग ऱ्हाऊ दे. आत पिलं हाईत."

तो म्हणाला, "हवालदारकाका, चिंधी बांधलीया. माझ्या हातात काय न्हाई. तुमीच असा शब्द फिरवाय लागला तर मग झालंच." बाकीची पोरं लगेच तोंडाला हात लावून बोंब मारायची तालीम करायला लागली.

मग कोंडीबाकडे गेलो. गावची होळी दर वर्षी तोच पेटवतो, सगळ्या रीतीभाती त्याला पाठ. तो तंबाखू मळत म्हणाला, "एक वाट हाय. दिलेल्या लाकडापरीस वरचढ लाकूड दे. घरातलं, वापरातलं, जीव लागलेलं. मग चिंधी त्येला बांधू." आणि हसून पुढे म्हणाला, "सकाळी तुझी बायकू बी ह्येच इचारून गेली."

ती कशाला विचारायला गेली असेल? तिचं जळण वाचावं म्हणून, दुसरं काय.

घरभर शोधलं. पाट, पोळपाट, उखळ. यातलं काही दिलं तर बनुबाई मलाच होळीत घालील. खाट बघितली, ती सुंभाची आणि बांबूची. दारं काढून द्यावीत तर घर उघडं पडेल. जीव लागलेलं लाकूड आणायचं कुठून? बनुबाईला विचारलं. "बगू की," एवढंच म्हणाली. पेटीवर बसून रात्रीच्या जेवणापर्यंत विचार केला, काही सुचलं नाही.

शुक्रवार, २४ मार्च. होळी

संध्याकाळी मंडळ बैलगाडी घेऊन दारात आलं. मी परड्याच्या तोंडाशी उभा राहिलो. सांगणार होतो की माझ्या नावानं वर्षभर काय, जन्मभर बोंबला, पण ढिगाला हात लावू नका. घसा साफसुद्धा केला होता.

तेवढ्यात घरातून घसटत घसटत आवाज आला. बनुबाई माझी पेटी ओढत बाहेर येत होती. पदर खोचलेला, कपाळावर घाम. पेटी तिने अंगणात सोडली आणि जोतीरामाला म्हणाली, "वरचढ लाकूड पायजे न्हवं? ह्ये घे. लय जीव लागलाय ह्येच्यावर त्यांचा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोंडीबाने फळीवर बोटं वाजवून बघितली. "दणकट दिसतंय. चालतंय की." ती पेटी गेली तर मी... म्हणजे माझे कपडे कशात राहणार? मी तेवढंच बोललो.

"म्या लावल्यात," बनुबाई म्हणाली. "फळीवर."

कुठल्या फळीवर? आत जाऊन बघितलं. आतल्या खोलीत माझ्या उंचीला भिंतीला नवी फळी ठोकलेली, तिच्यावर कपडे घडी घालून रचलेले, बाजूच्या खुंटीला माझी टोपी. मी रोज परड्यात असतो, सोमवारी घरभर लाकूड शोधलं तरी इकडे लक्षच गेलं नव्हतं. फळी कधी आणलीस म्हटलं, तर म्हणे, "तुमी पेन्शनीत येनार कळलं तवाच. पन पेटीतनं कापडं काडताय कुटं तुमी!"

मी बाहेर आलो आणि जोतीरामाला म्हणालो, "न्या."

होळी पेटली. नैवेद्याची पोळी टाकली, पोरांनी बोंब मारली, मीही मारली, सगळ्यात मोठी. पेटी मधोमध ठेवली होती. आधी नंबर गेला. मग पलटणीचं नाव गेलं. तेव्हा मला रडू आलं, लिहून ठेवतो. 'नाथाजी' बराच वेळ तग धरून होतं. बनुबाई बायकांच्या घोळक्यातून निघून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. आमच्या गावात नवरा-बायको असे चारचौघांत शेजारी उभे राहत नाहीत. धूर दोघांच्याही तोंडावर येत होता.

शनिवार, २५ मार्च. धुळवड

मटण. दुपारी झोप. ढीग जागेवर आहे. पिलं बाहेर येऊन एकमेकांच्या शेपट्या ओढतात. सरडा अजून जोर मारतोय, गडी हटत नाही.

रविवार, ९ एप्रिल

काल पाडवा झाला. गुढीची काठी मी धरली, बनुबाईने कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी आणि कलश बांधला. "जरा डावीकडं. आनकी जरा. आता हलू नगा." सगळे हुकूम पाळले. परड्यातला लिंब फुलोऱ्यावर आलाय, घरभर त्याचा कडसर वास असतो. आजकाल अंगण मीच झाडतो. ती पुन्हा झाडत नाही, किंवा झाडत असली तर मी नसताना झाडते. म्हैसही आता बिचकत नाही.

गुढी उभी केली आणि भाऊसो आला. "काय नाथाजी, काय ठरलं? खोली धरून ठिवलीया."

मी उत्तर जुळवून ठेवलं होतं. पण आतून बनुबाईचा आवाज आला, "भाऊजी, त्यांची पेटी जळाली. आता न्येता कशात घालून?"

भाऊसो पोट धरून हसला. मला मात्र आपल्या तोंडाने सांगायचं होतं. म्हणालो, "भाऊसो, म्या येत न्हाई. माझी ड्यूटी हितं लागलीया." मला वाटलं होतं हे म्हणताना वाईट वाटेल. उलट छाती हलकी झाली. बनुबाई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. चुलीचा धूर म्हणाली. बाभळीच्या खणखणीत वाळलेल्या फाट्यांचा एवढा धूर कसा होतो, मला कळत नाही.

आज सकाळी चांदसाहेब दारात हजर. "टोपली परत निम्मी! हवालदार, तुमी पहारा करताय का झोपा काढताय?"

मुंगसीण तेव्हा समोरच होती. पिलं एकामागे एक, नाकाला शेपूट लावून तिच्या मागून चालली होती. खुराड्याच्या दारात ताजं अंडं पडलं होतं. तिने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, सरळ कुंपणाखालून उसात गेली. म्हणजे ती निर्दोष. तिच्यावर आळ घेतल्याबद्दल मी खाटेवरून उठून रीतसर सलाम ठोकला.

मग अंडी जातात कुठं? चोर घरातलाच असावा असा आता दाट संशय आहे.

न्याहारीला भाकरी, ठेचा आणि अंड्याची पोळी होती. आज तर दोन होत्या. बनुबाई समोर बसून मी खातो का नाही ते बघत होती. "अंडी कोण न्येतंय, लागला का काय तपास?" तिने विचारलं.

"चालू हाय," मी म्हणालो आणि ताट पुढे केलं. "घाई न्हाई."